अंगणवाडीच्या आधीची अंगणवाडी : ताराबाई मोडक

तुम्ही फैजपुरात राहत असा, नाहीतर वर सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावर. घरात गरोदर बाई किंवा सहा वर्षांच्या आतले मूल असेल तर अंगणवाडी तुम्हाला नवी नाही. तिथून आहाराचे पाकीट येते, बाळाचे वजन होते, लसीची तारीख कळते. पण अंगणवाडी म्हणजे सरकारी खाऊवाटप, असा समज पुष्कळ घरांत असतो. मग पाकीट घरी आल्यावर ते नेमके कोणाच्या पोटात गेले, याकडे कोणाचे लक्ष राहत नाही. ज्यांनी पहिली अंगणवाडी भरवली त्या ताराबाई मोडक यांचे आयुष्य माहीत झाले, तर तिथे काय मागायचे हे तुम्हाला जास्त नीट कळेल.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी आली नाही. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या एका वकिलांशी त्यांचे लग्न झाले, पण ते टिकले नाही. १९२१ मध्ये घटस्फोट झाला. त्या काळी घटस्फोटित बाईने लहान मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहणे किती अवघड असेल, हे वेगळे सांगायला नको. राजकोटला मुलींच्या संस्थेत त्यांनी प्राचार्यपद सांभाळले आणि १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आल्या. मुलाला न मारता, त्याच्या कलाने शिकवण्याची मॉन्टेसरी पद्धत त्यांनी तिथे आत्मसात केली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार.

१९३६ म्हटले की फैजपूरकरांना काँग्रेसचे अधिवेशन आठवते, खेड्यात भरलेले पहिले. ताराबाई त्या वर्षी शहरातल्या मुलांमध्ये गुंतल्या होत्या. खेड्यात जायला त्यांना आणखी ९ वर्षे लागली.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या आणि पुढे आयुष्यभर राहिल्या. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी शिंपले, बिया, खडे वापरले. बालवाडी सुरू झाली, पण ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज होती ती गरीब वस्तीतली मुले काही येईनात. कोणी गुरांमागे, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन, आईबाप मजुरीला. ताराबाईंनी मग बालवाडीच वस्तीत नेली आणि एखाद्या घराच्या अंगणात भरवली. तीच अंगणवाडी. मुलांची अंघोळ, नखे, केस, मग गाणी-गोष्टी-खेळ, असा तिथला क्रम होता.

अंघोळ आधी का, हे डॉक्टर म्हणून मला सांगावेसे वाटते. अस्वच्छ हातांमुळे बाळाला वारंवार जुलाब होतात, आतड्यांत अन्न नीट शोषले जात नाही आणि पोटभर खाऊनही वजन वाढत नाही.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या जवळ गेले. तिथे विकासवाडी उभी राहिली : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. धाकट्याला पाळणाघरात सोडले की मोठी बहीण शाळेत बसायला मोकळी. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या.

दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणे, आहार-आरोग्याची माहिती आणि पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा तिथे एकत्र आहेत. एकटे पाकीट नेलेत तर बाकीच्या पाच तिथेच राहतात.

पाकिटाचेही नीट ऐका. गरोदर बाई आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत बाळंतीण, यांना रोज ठरावीक कॅलरी आणि प्रथिने मिळावीत असा नियम आहे. ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलालाही ठरावीक कॅलरी आणि प्रथिने. तीन वर्षांपुढच्या मुलांना ती गरम, शिजवलेल्या जेवणातून. हे घरच्या जेवणाखेरीज आहे. आईच्या वाट्याचे घरातल्या पाच जणांनी खाल्ले तर तिला त्यातला पाचवा हिस्साच उरतो. आपल्याकडे सून शेवटी जेवते. सासूबाईंनी तिला निदान या नऊ महिन्यांत पहिल्या पंगतीला बसवावे. कळण्याची भाकरी, डाळ, पालेभाजी तिच्या ताटात आधी पडावी.

यावल आदिवासी प्रकल्पाच्या गावांत राहत असाल तर अमृत आहार योजनेचीही चौकशी करा. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण आहे, मुलांना अंडे आहे. अंडे न खाणाऱ्यांना केळी देतात. केळी आपल्या दारातच पिकतात, म्हणून एक सांगतो : केळ्याने ताकद येते, पण अंड्यातली प्रथिने त्यात नाहीत. सोबत दूध किंवा शेंगदाण्याचा कूट द्या.

सेविकाताई बाळाच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात, ते बघत जा. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आला, किंवा दोन्ही पायांवर सूज असून बोटाने दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे. त्यात बाळ खायलाच मागत नसेल, ताप किंवा जुलाब असतील, मलूल पडले असेल तर घरी खाऊ घालून बघू असे म्हणत थांबू नका. माता-बाल संरक्षण कार्ड घ्या आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्याबद्दल विचारा.