अफूच्या छायेतला पिता : कवी कोलरिज व त्यांची कन्या सारा



झांशी जिल्ह्यातील गरौठा येथे भाषांतराच्या कामानिमित्त काही दिवस राहण्याचा योग आला असता एका ख्रिस्ती बंधूने मजजवळ एक विनंती केली. त्यांचे वडील नुकतेच प्रभूघरी गेले होते. स्मरणाच्या उपासनेत वाचण्यासाठी मी चार ओळी लिहून द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. वडील मायाळू होते, लेकरांसाठी त्यांनी हाडांची काडे केली. आणि तरुणपणापासून मरणाच्या दिवसापर्यंत दारूने त्यांना सोडले नाही. पहिल्या दोन गोष्टी लिहायला सोप्या होत्या. तिसरीचे काय करावे हे त्यांनाही उमजेना आणि मलाही. अशा वेळी मला एका कवीची व त्याच्या लेकीची आठवण झाली. ती हकीकत आज तुमच्यापुढे ठेवतो.

सॅम्युएल टेलर कोलरिज हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी शाळा-कॉलेजात ऐकलेले असेल. म्हाताऱ्या खलाशाची व त्याने मारलेल्या अल्बाट्रॉस पक्ष्याची कविता त्यांचीच. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात, ऑटरी सेंट मेरी या गावी २१ ऑक्टोबर १७७२ रोजी एका पाळकाच्या घरी शेंडेफळ म्हणून ते जन्मले. नऊ वर्षांचे होत आले तोच वडील वारले आणि या पोरक्या मुलाला लंडनच्या क्राइस्ट्स हॉस्पिटल शाळेत धाडण्यात आले. तेथे टॉमस मिडल्टन नावाच्या वरच्या वर्गातील मुलाने त्यांच्यावर लोभ केला. हेच मिडल्टन पुढे १८१४ मध्ये कलकत्त्याचे पहिले बिशप झाले. कोलरिज यांचे दोन थोरले भाऊही कंपनीच्या सैन्यात हिंदुस्थानात आले व येथेच मरण पावले. आपल्या देशाशी या घराण्याचा संबंध असा होता.

१७९५ मध्ये विवाह झाला. हार्टली, डरवेंट व सारा ही तीन मुले जगली. बर्कली तान्हेपणीच गेला, तेव्हा बाप जर्मनीत शिकत होता. हार्टली पाळण्यात असताना रात्री त्याच्याशेजारी बसून या बापाने लिहिलेली कविता इंग्रजी वाङ्मयात आजही वाचली जाते. अशा माणसाच्या अंतःकरणात वात्सल्य नव्हते असे कोण म्हणेल?

मग अफू आली. ती चोरपावलांनी आली नाही, औषधाच्या बाटलीतून राजरोस आली. दारूत विरघळवलेल्या अफूचा अर्क, ज्याला तिकडे लॉडेनम म्हणत, तो त्या काळी इंग्लंडात कोणत्याही औषधवाल्याकडे मिळे. त्याच्या विक्रीवर कायद्याने बंधन आले ते १८६८ मध्ये. सांधे दुखले, पोट बिघडले, झोप येईना, की चार थेंब घ्यावेत, हीच रीत होती. आपणही नाक मुरडू नये. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या लेकराला अफूची बाळागोळी देऊन निजवीत होत्या. कोलरिज यांनी संधिवाताच्या वेदनेवर उतारा म्हणून ती घेतली. १८०१ च्या सुमारास केझिक येथे राहत असताना त्यांच्या ध्यानात आले की आता औषध आपण घेत नाही, औषधच आपल्याला घेऊन चालले आहे.

२३ डिसेंबर १८०२ रोजी सारा जन्मली ती याच घरात, याच दिवसांत. ती दीड वर्षाची नाही तोच प्रकृतीसाठी म्हणून वडील माल्टा बेटावर गेले. १८०६ मध्ये परतले ते अधिकच खचून, आणि मग पतिपत्नी वेगळी झाली. केझिकचा संसार साराचे मावसे, कवी साउदी यांनी सांभाळला. साराला आपला बाप किती लाभला? १८०८ मध्ये, ती पाच वर्षांची असताना, वर्डस्वर्थ यांच्या घरी ग्रासमीर येथे सुमारे महिनाभर. १८१२ मध्ये थोडेसे. त्यानंतर भेट झाली ती १८२३ च्या जानेवारीत, वीस वर्षांची उपवर मुलगी म्हणून.

ग्रासमीरच्या त्या महिन्याविषयी साराने पुढे आपल्या मुलीसाठी लिहून ठेवले आहे. ती वडिलांजवळ निजत असे. मध्यरात्र उलटल्यावर ते खोलीत येत आणि तिला उठवून पऱ्यांच्या गोष्टी सांगत. पण लहानग्या साराचा जीव आईकडे ओढ घेई, आणि लेक आपल्याला बिलगत नाही म्हणून वडील रुसत. वाचकहो, या प्रसंगातला दोष कोणाच्या पदरी घालावा? ज्या घरात व्यसन असते तेथे लेकराला माया मिळते, पण अवेळी मिळते, आणि तिचा हिशेबही त्याच्याकडेच मागितला जातो.

१८१४ हे वर्ष फार वाईट गेले. ब्रिस्टल येथे मित्रांना सगळे कळले. औषधाच्या दुकानाकडे वळू नये म्हणून स्वतःवरच पहारा ठेवायला कोलरिज यांनी माणसे नेमली होती, आणि तीच माणसे दटावून ते दुकानात शिरत असत, असे सांगतात. त्या जून महिन्यात जोसाया वेड या मित्राला त्यांनी एक पत्र लिहिले. आपण पत्नीमुलांचे व मित्रांचे अपराधी आहोत हे त्यांनी कबूल केले आणि मागणे मागितले की, आपण मेल्यावर ही सारी दुर्दशा जगापुढे उघड करावी, म्हणजे निदान दुसऱ्या कोणाचे तरी भले होईल. कबुलीजबाब आपण मंडळीत पुष्कळ ऐकतो. मरणानंतरही आपली लाज झाकू नका असे विनविणारा माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

१८१६ च्या एप्रिलमध्ये लंडनजवळच्या हायगेट गावी डॉक्टर जेम्स गिलमन यांच्या घरी ते उपचारासाठी महिनाभर म्हणून आले आणि अठरा वर्षांनी, २५ जुलै १८३४ रोजी, गिलमन यांच्याकडेच वारले. गिलमन दांपत्याने या परक्याला घरचा केला. मात्रा पुष्कळ कमी झाली. सुटली मात्र नाही; गावातल्या औषधवाल्याकडून चोरून बाटली येतच राहिली. आणि याच बद्ध मनुष्याने १८२५ मध्ये ख्रिस्ती चिंतनाचा असा ग्रंथ दिला की पुढच्या पिढीचे कितीतरी धर्मसेवक त्याच्यावर पोसले गेले. पवित्र शास्त्र कसे वाचावे याविषयीची त्यांची पत्रे त्यांच्या मागून, १८४० मध्ये, छापली गेली. शास्त्र भीतीने कवटाळू नका, मोकळ्या मनाने वाचा, ते तुम्हाला आपणच शोधून काढील, असा त्यांचा आशय आहे. माझ्यासारख्या भाषांतरकाराला त्या पत्रांनी फार धीर दिला आहे.

मुलांची झळ चुकली नाही. हार्टलीला ऑक्सफर्डच्या ऑरिअल कॉलेजातील फेलोची जागा मिळाली होती. मद्यपानापायी ती १८२० मध्ये गेली. बापाने जाऊन रदबदली केली, उपयोग झाला नाही. आपले पाप मुलाच्या रूपाने समोर उभे राहिलेले पाहणे याहून कठोर शिक्षा कोणती? साराही निद्रानाशासाठी अफूच्या अर्काकडे वळली. मुलांसाठी लिहिलेल्या तिच्या बालगीतांच्या पुस्तकात, १८३४ मध्ये, खसखशीच्या फुलांवर एक गीत आहे. ते मला अजूनही सहज वाचवत नाही.

आता साराने काय केले ते पाहा. एकोणीस वर्षांची असताना तिने दक्षिण अमेरिकेतील अबिपोन लोकांविषयी एका जेझुइट मिशनऱ्याने लिहिलेल्या लॅटिन ग्रंथाचे तीन खंडांत भाषांतर केले होते; शब्दाला शब्द ताडून पाहण्याची शिस्त तिला तेथे लागली. वडील गेल्यावर तिचे पती हेन्री त्यांचे विखुरलेले लेखन जमवू लागले, आणि १८४३ मध्ये हेन्रीही वारले तेव्हा ते काम तिने आपल्या अंगावर घेतले. दोन लेकरे पदरात, प्रकृती नाजूक.

मधल्या काळात दोन घाव बसले होते. १८३७ मध्ये जोसेफ कॉटल या जुन्या स्नेह्याने अफूची सारी हकीकत वेड यांच्या पत्रासह छापली. घरच्यांना ते जिव्हारी लागले. दुसरीकडे, कोलरिज यांनी जर्मन तत्त्ववेत्ता शेलिंग याची पानेच्या पाने नाव न सांगता उचलली, असा आरोप झाला. साराने १८४७ मध्ये वडिलांचे वाङ्मयचरित्र नव्याने संपादून काढले. मूळ जर्मन ग्रंथ पुढ्यात घेऊन तिने प्रत्येक उचललेला उतारा शोधला आणि तो कोठला हे तळटीपेत नमूद केले. आरोप करणाऱ्यांनी दाखविले नव्हते तेही दाखविले. मग प्रस्तावनेत वडिलांची बाजू मांडली.

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातील नोहा तुम्हाला आठवत असेल. द्राक्षारसाने धुंद होऊन तो तंबूत उघडा पडला. एका मुलाने बाहेर जाऊन सांगितले. दोघांनी वस्त्र घेतले आणि पाठमोरे चालत जाऊन बापाला झाकले. या वचनावर उपदेश करताना आपण झाकणाऱ्यांची स्तुती करून थांबतो. पण ही हकीकत आपल्याला कळली कशी? शास्त्राने ती लिहून ठेवली म्हणून. झाकणे व लिहिणे या दोहोंना शास्त्रात जागा आहे, आणि साराने ही दोन्ही कामे एकाच हाताने केली असे मला वाटते. हे तिला साधले, कारण बाप तिला थोडाच लाभला आणि जो लाभला तो बव्हंशी कागदावर. रोज त्या घरात नांदलेल्यांना हे किती कठीण जाते ते मी पाहिले आहे. त्यांच्यापुढे साराचा कित्ता ठेवताना जरा जपूनच ठेवावा.

१८५१ च्या सप्टेंबरात, स्तनाच्या कर्करोगाने अंथरूण धरायच्या बेतात असताना, तिने मुलगी ईडिथ हिच्यासाठी आपली जीवनकथा लिहायला घेतली. ग्रासमीरच्या मध्यरात्रीच्या गोष्टी तिच्यातल्याच. बालपण सरेपर्यंतही ती कथा पोहोचली नाही. ३ मे १८५२ रोजी सारा वारली, वय ४९.

बाप, आई, सारा, हेन्री व साराचा मुलगा हर्बर्ट यांच्या शवपेट्या १९६१ मध्ये हायगेटच्या सेंट मायकेल चर्चच्या तळघरात हलविण्यात आल्या. पुढे लोक ती जागा विसरले. २०१८ मध्ये विटांच्या भिंतीआडून त्या पुन्हा दिसल्या, तेव्हा कळले की ते तळघर पूर्वी तेथे असलेल्या एका वाड्याच्या दारूच्या कोठाराचा भाग होते.

गरौठ्याच्या बंधूंना मी चार ओळी लिहून दिल्या. तिसऱ्या ओळीत दारूचा उल्लेख होता. ती वाचून ते बराच वेळ गप्प बसले, मग पेन मागून घेतले आणि तिच्याखाली आपल्या हाताने पाचवी ओळ लिहिली : बाजाराच्या दिवशी कितीही उशीर झाला तरी वडील लेकरांसाठी काहीतरी खाऊ घेऊनच घरी येत.