जेम्स लाइटहिल

सर मायकेल जेम्स लाइटहिल (२३ जानेवारी १९२४ – १७ जुलै १९९८) हे ब्रिटिश उपयोजित गणितज्ञ होते. जेट इंजिनातून वेगाने बाहेर पडणाऱ्या वायुझोतापासून ध्वनी कसा निर्माण होतो, याचा सिद्धान्त त्यांनी १९५२ मध्ये मांडला. वायुध्वनिशास्त्र या ज्ञानशाखेचे ते जनक मानले जातात.

प्रारंभिक जीवन

लाइटहिल यांचा जन्म पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील खाण अभियंता होते. विंचेस्टर कॉलेजमध्ये पुढे ख्यातनाम झालेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन त्यांचे सहाध्यायी होते. १९४१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, लाइटहिल केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. पदवीनंतर महायुद्धाच्या काळात त्यांनी नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत वायुगतिकीवर काम केले. १९४६ मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात गेले आणि १९५० मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, तेथे प्राध्यापक झाले.

जेटध्वनीचा सिद्धान्त

मे १९५२ मध्ये ‘कॉमेट’ या जेट विमानाने नियमित प्रवासी वाहतूक सुरू झाली. जेट विमाने विमानतळांवर येऊ लागली, तसा त्यांच्या कर्णकर्कश आवाजाचा प्रश्न गंभीर झाला. झोताभोवतीची हवा स्थिर असते. दोहोंच्या सीमेवर लहानमोठे भोवरे उठून प्रवाह संक्षुब्ध होतो आणि या खळबळीतूनच आवाज निघतो. मात्र संक्षुब्ध प्रवाहाची समीकरणे पूर्णपणे सोडवणे अशक्यप्राय होते.

लाइटहिल यांनी ही समीकरणे न सोडवता त्यांची फेरमांडणी केली. समीकरणाच्या एका बाजूस स्थिर हवेतील ध्वनितरंगांचे परिचित रूप ठेवून उरलेली सर्व पदे त्यांनी दुसऱ्या बाजूस नेली आणि त्यांना ध्वनीचा उगम मानले. त्यावरून असे दिसले, की भोवऱ्यांनी निर्माण केलेले ध्वनितरंग बहुतांशी परस्परांना नष्ट करतात. त्यामुळे प्रवाहातील ऊर्जेचा अत्यल्प अंशच ध्वनीच्या रूपाने बाहेर पडतो. परंतु वेग वाढला की हा अंश झपाट्याने वाढतो. ध्वनिशक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात बदलते, असा निष्कर्ष निघाला. आकारमान तेच ठेवून झोताचा वेग निम्मा केला, तर ध्वनिशक्ती २५६ पटींनी घटते. सिद्धान्ताचा दुसरा भाग १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वनातीत झोतांना हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यांच्यासाठी जॉन फाउक्स विल्यम्स यांनी १९६३ मध्ये सिद्धान्ताचा विस्तार केला.

उपयोजन

आवाज कमी करण्यासाठी प्रथम नागमोडी कडांची निष्कासनलिका वापरण्यात आली. तिच्यामुळे झोत भोवतालच्या हवेत लवकर मिसळतो. मात्र खरा उपाय झोताचा वेग कमी करणे हाच होता. विमान उभे असताना इंजिनाचा रेटा झोताचे क्षेत्रफळ व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. म्हणून वेग निम्मा करून रेटा तेवढाच राखायचा, तर क्षेत्रफळ चौपट करावे लागते. तरीही ध्वनिशक्ती केवळ चौसष्टांश उरते. मोठ्या पंख्याने पुष्कळ हवा संथ वेगाने मागे ढकलणारी टर्बोफॅन इंजिने मुख्यतः इंधनबचतीसाठी विकसित झाली, पण त्यांतून नेमके हेच साधले. १९७० मध्ये सेवेत आलेल्या ‘बोइंग ७४७’ च्या इंजिनांत गाभ्याबाहेरून जाणारी हवा गाभ्यातील हवेच्या सुमारे पाचपट होती.

१९५९ ते १९६४ या काळात लाइटहिल फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटचे संचालक होते. पुढे ‘कॉंकॉर्ड’ म्हणून आकारास आलेल्या स्वनातीत प्रवासी विमानासाठीचे संशोधन त्या संस्थेत चालू होते. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडण्यासाठी झोताचा वेगही मोठा लागतो. त्यामुळे उड्डाणाच्या वेळचा प्रचंड आवाज हा त्या विमानाचा कायमचा दोष ठरला. लाइटहिल यांचा नियम येथे मर्यादेच्या रूपाने समोर आला.

अन्य कार्य व सन्मान

१९५५ मध्ये जेराल्ड व्हिटॅम यांच्यासह त्यांनी रस्त्यावरील वाहतुकीचा तरंगसिद्धान्त मांडला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या आगमनाला हिंदी महासागर कसा प्रतिसाद देतो, यावरील त्यांचा निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. माशांचे पोहणे व कीटकांचे उडणे हेही त्यांच्या संशोधनाचे विषय होते. १९६९ ते १९७९ या काळात ते केंब्रिज येथे ल्युकेशियन प्राध्यापक होते. या पदावर त्यांच्यापूर्वी पॉल डिरॅक व त्यांच्यानंतर स्टीफन हॉकिंग होते. १९७१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक त्यांना १९९८ मध्ये मरणोत्तर देण्यात आले.

निधन

पोहण्याची त्यांना विलक्षण आवड होती. इंग्लिश खाडीतील सार्क बेटाला त्यांनी १९७३ मध्ये पोहत फेरी घातली आणि पुढेही ती अनेकदा पूर्ण केली. अशीच फेरी घालत असताना १७ जुलै १९९८ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.