एकाकडे दोन वर्ल्ड कप, दुसऱ्याला एकही खेळता आला नाही. तरी इटलीत दोघांपैकी मोठा कोण हा वाद काही मिटत नाही

इटलीतल्या मिलान शहरात एक स्टेडियम आहे. एसी मिलान आणि इंटर मिलान हे एकमेकांचे पक्के वैरी, पण दोघांचं घरचं मैदान एकच. अख्खं जग त्या मैदानाला सान सिरो म्हणतं. कागदोपत्री मात्र त्याचं नाव आहे जुझेप्पे मेआझा स्टेडियम.

आता तिथून तुरिन शहरात चला. शहराला लागून सुपरगा नावाची टेकडी आहे आणि टेकडीवर एक भलंमोठं जुनं चर्च. दरवर्षी 4 मे आला की तोरिनो क्लबचा कॅप्टन ही टेकडी चढतो आणि चर्चच्या मागे लावलेल्या दगडासमोर उभा राहून 31 नावं वाचतो. खाली हजारो चाहते गप्प उभे असतात. त्या 31 नावांपैकी एक नाव आहे व्हॅलेंतिनो माझोला.

इटलीने आजवर चार वर्ल्ड कप जिंकलेत. बाजो, माल्दिनी, बुफॉन, तोत्ती ही नावं आपल्याला पाठ आहेत. पण इटलीतल्या जुन्या जाणत्यांना विचारलं की सगळ्यात भारी कोण, तर गाडी हमखास या दोन नावांवर येऊन थांबते. मेआझा की माझोला?

तर आज हाच विषय समजून घेऊ.

भाजी विकणाऱ्या आईचा पोरगा

मेआझाचा जन्म 23 ऑगस्ट 1910 चा, मिलानचा. पहिल्या महायुद्धात वडील गेले, तेव्हा हा जेमतेम सात वर्षांचा होता. आई बाजारात भाजी आणि फळं विकायची. पोरगं दिवसभर चिंध्यांचा बॉल करून अनवाणी खेळायचं.

हा लहानपणी एसी मिलानचा चाहता होता. पण अंगाने इतका किरकोळ की मिलानवाल्यांनी त्याला घेतलंच नाही. शेवटी चौदाव्या वर्षी तो समोरच्या पार्टीत, म्हणजे इंटरमध्ये गेला. मिलान क्लबच्या इतिहासात यापेक्षा महागात पडलेला नकार शोधून सापडणार नाही.

1927 साली सतरा वर्षांच्या या पोराला पहिल्या टीममध्ये घेतलं. त्याला बघून लिओपोल्दो कोंती या सिनियर खेळाडूने टोमणा मारला की आता काय बालिल्लाची पोरंसुद्धा खेळवणार का? बालिल्ला म्हणजे मुसोलिनीच्या राजवटीतली शाळकरी पोरांची संघटना. त्या सामन्यात पोराने दोन गोल ठोकले. टोमणा विरला, पण बालिल्ला हे टोपणनाव त्याला कायमचं चिकटलं.

1929-30 मध्ये इटलीत पहिल्यांदा सगळ्या टीमची एकच लीग सुरू झाली. हीच आजची सेरी ए. त्या पहिल्याच सीझनमध्ये मेआझाने 31 गोल केले आणि इंटरने लीग मारली. सगळ्यात जास्त गोल करणारा हा गडी तेव्हा 19 वर्षांचा होता. फेब्रुवारी 1930 मध्ये तो देशासाठी पहिला सामना खेळला, स्वित्झर्लंडविरुद्ध, आणि दोन गोल केले. मे महिन्यात बुडापेस्टमध्ये हंगेरीला त्यांच्याच घरात 5-0 ने धुतलं, त्यात याची हॅटट्रिक होती.

एका हातात चड्डी आणि पायात पेनल्टी

1934 चा वर्ल्ड कप इटलीतच झाला. कोच होते व्हित्तोरिओ पोझ्झो. त्यांनी एक डाव टाकला. मेआझा मूळचा सेंटर फॉरवर्ड, त्याला त्यांनी थोडं मागे, इनसाइड फॉरवर्डच्या जागेवर आणलं. म्हणजे फक्त गोल करायचे नाहीत, करवूनही घ्यायचे. स्पेनविरुद्धचा क्वार्टर फायनल बरोबरीत सुटला, दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवला गेला आणि तो एकमेव गोलवर इटलीने जिंकला. गोल मेआझाचाच. पुढे फायनलमध्ये चेकोस्लोव्हाकियाला 2-1 ने हरवून इटली चॅम्पियन झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टीम लंडनला गेली. हायबरीवर इंग्लंडशी सामना होता. सुरुवातीलाच मोंतीचा पाय मोडला. तेव्हा बदली खेळाडू नसायचा, त्यामुळे इटलीला जवळपास अख्खा सामना दहा जणांत काढावा लागला. हाफ टाइमपर्यंत इंग्लंड 3-0 ने पुढे. दुसऱ्या हाफमध्ये मेआझाने दोन गोल केले. सामना 3-2 ने गेला, पण दहा जणांच्या त्या टीमचं कौतुक इटलीत आजही होतं.

1938 ला फ्रान्समध्ये वर्ल्ड कप झाला तेव्हा मेआझा कॅप्टन होता. मार्सेमध्ये ब्राझीलविरुद्ध सेमीफायनल होती, इटली 1-0 ने पुढे होती आणि पेनल्टी मिळाली. मेआझा बॉलकडे निघाला आणि नेमका तेव्हाच चड्डीचा इलॅस्टिक तुटला. गडी थांबला नाही. एका हाताने चड्डी धरली, धावत आला आणि बॉल जाळ्यात. सामना 2-1 ने संपला, म्हणजे तोच गोल निर्णायक ठरला. फायनलमध्ये हंगेरीला 4-2 ने हरवून इटलीने सलग दुसरा वर्ल्ड कप नेला.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. हे दोन्ही कप मुसोलिनीच्या राजवटीत आले आणि त्या राजवटीने त्यांचा प्रचारासाठी पुरेपूर वापर केला. 1938 मध्ये फ्रान्सविरुद्ध टीमला फॅसिस्टांचे काळे शर्ट घालून उतरवलं होतं. इंटर हे नावही तेव्हाच्या सरकारला परकं वाटायचं, म्हणून क्लबचं नाव बदलून अम्ब्रोसियाना केलं होतं. मेआझाच्या वाट्याला आलेलं वैभव या काळाचं आहे, हे लक्षात ठेवूनच त्याच्याकडे बघावं लागतं.

मेआझाचं मैदानाबाहेरचं आयुष्य एकदम हिरोछाप. केसांना चापून लावलेलं ब्रिलियंटाइन, टँगो डान्स, पत्ते, गाड्या, रात्रीची जागरणं. जाहिरातींतही झळकायचा. इटालियन फुटबॉलचा पहिला सुपरस्टार म्हणतात तो हाच.

पण 1939 च्या सुमारास डाव्या पायातला रक्तपुरवठा बिघडला. जवळपास एक अख्खा सीझन गेला. परत आला तो पूर्वीचा मेआझा नव्हता. मग मिलान, युव्हेंतस, वारेझे, अतालांता असा फिरत राहिला आणि 1946-47 मध्ये शेवटचं खेळायला पुन्हा इंटरमध्ये आला.

डबे लाथाडत मोठा झालेला पोरगा

माझोलाचा जन्म 26 जानेवारी 1919 चा, मिलानजवळच्या कसानो द'आद्दा या गावातला. घरची परिस्थिती बेताची, त्यात महामंदीत वडिलांची नोकरी गेली. पोराची शाळा सुटली. आधी बेकरीत हरकाम्या, मग कापडाच्या गिरणीत कामगार. रस्त्यात दिसेल तो पत्र्याचा डबा लाथाडत चालायचा, म्हणून गावात त्याचं नाव पडलं तुलेन, म्हणजे डबेवाला.

दहा वर्षांचा असताना त्याने आद्दा नदीत उडी मारून बुडणाऱ्या एका लहान मुलाला बाहेर काढलं. त्या मुलाचं नाव आंद्रेआ बोनोमी. हा बोनोमी पुढे एसी मिलानचा कॅप्टन झाला. सिनेमात दाखवलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

पुढे तो मिलानमध्ये अल्फा रोमियोच्या टीमकडून खेळला. नौदलाच्या सक्तीच्या नोकरीसाठी व्हेनिसला गेला आणि तिथल्या व्हेनेझिया क्लबने त्याला उचललं. तिथे एझिओ लोईक नावाचा जोडीदार भेटला. या जोडीने 1941 मध्ये व्हेनेझियाला इटालियन कप जिंकून दिला. 1942 मध्ये तोरिनोचे अध्यक्ष फेरुच्चो नोव्हो यांनी दोघांनाही एकदमच विकत घेतलं.

आणि तिथून सुरू झाली ग्रांदे तोरिनो, म्हणजे महान तोरिनोची गोष्ट.

1942-43 मध्ये लीग आणि कप दोन्ही. एकाच सीझनमध्ये हे करणारी ती इटलीतली पहिली टीम. मग युद्धामुळे दोन वर्षं नेहमीची लीग बंद पडली. सुरू झाल्यावर 1946, 1947, 1948, 1949 अशा सलग चार लीग. 1947-48 मध्ये या टीमने 40 सामन्यांत 125 गोल केले, त्यात अलेस्सांद्रियाला एकाच सामन्यात दहा हाणले. मे 1947 मध्ये हंगेरीविरुद्ध इटलीची टीम उतरली तेव्हा अकरापैकी दहा जण एकट्या तोरिनोचे होते.

या सगळ्याचा कॅप्टन माझोला.

फिलाडेल्फिया हे तोरिनोचं घरचं मैदान. टीम ढेपाळली की स्टँडमधला एक रेल्वे कर्मचारी बिगुल वाजवायचा. बिगुल वाजला की माझोला शर्टाच्या बाह्या वर सरकवायचा. लोकांना कळायचं, आता पंधरा मिनिटं समोरच्याची खैर नाही. या पंधरा मिनिटांना इटलीत आजही एक खास नाव आहे, क्वार्तो दोरा ग्रानाता. ग्रानाता म्हणजे तोरिनोचा गडद लाल रंग.

मग फरक नेमका कुठे?

उंचीला दोघंही बेताचेच, साधारण पाच फूट सात इंच. दोघंही दोन्ही पायांनी खेळायचे, दोघंही हेडरला पक्के. पण खेळ पूर्ण वेगळा.

मेआझा म्हणजे कलाकार. त्याची खासियत ठरलेली होती. बॉल घेऊन थेट गोलकीपरच्या अंगावर जायचं, त्याला पुढे यायला भाग पाडायचं, ऐनवेळी हूल द्यायची आणि रिकाम्या जाळ्यात बॉल सोडायचा. बचावात मदत करणं, घाम गाळणं हे त्याच्या स्वभावात फारसं नव्हतं.

माझोला म्हणजे इंजिन. तोरिनो तेव्हाच्या नव्या डब्ल्यूएम पद्धतीने खेळायची. यात मागे तीन, पुढे तीन आणि मध्ये चार जणांचा चौकोन. या चौकोनाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत माझोला आणि लोईक. स्वतःच्या गोलजवळ बॉल हिसकावणारा, मधून पास देणारा आणि पलीकडे जाऊन गोल करणारा माणूस एकच. आज ज्याला आपण बॉक्स टू बॉक्स मिडफिल्डर म्हणतो, तो प्रकार माझोला 1940 च्या दशकात खेळत होता. बरं, हे सगळं करून 1946-47 मध्ये लीगमध्ये सर्वाधिक 29 गोलही त्याचेच. आयुष्य मात्र साधं. मितभाषी, शिस्तीचा, आधी सराव मग बाकीचं.

आकडे काढले तर मेआझा सरळ पुढे आहे. देशासाठी 53 सामने, 33 गोल. सेरी ए मध्ये 216 गोल. इटलीकडून त्याच्यापेक्षा जास्त गोल आजपर्यंत एकट्या जीजी रिव्हाने केलेत, 35. माझोलाचे देशासाठी फक्त 12 सामने आणि 4 गोल.

पण इथेच खरी मेख आहे. माझोलाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना एप्रिल 1942 चा. त्यानंतर युद्धामुळे इटलीची टीम थेट 1945 च्या शेवटी मैदानात उतरली. 1942 आणि 1946 चे वर्ल्ड कप झालेच नाहीत. मेआझाने 23 ते 27 या वयात दोन वर्ल्ड कप जिंकले. माझोला नेमका त्याच वयाचा होता तेव्हा जगात वर्ल्ड कपच नव्हता.

राहिला 1950 चा वर्ल्ड कप. तेव्हा तो 31 वर्षांचा असता आणि इटलीचा कॅप्टन तोच असता, यात कुणाला शंका नव्हती.

4 मे 1949

पोर्तुगालच्या बेनफिका क्लबचा कॅप्टन फ्रान्सिस्को फेरेरा याच्या सन्मानार्थ लिस्बनमध्ये एक सामना ठेवला होता. माझोलाची फेरेराशी दोस्ती होती, म्हणून तोरिनो गेली. 3 मे ला सामना झाला, बेनफिका 4-3 ने जिंकली. दुसऱ्या दिवशी टीम विमानाने परत निघाली. तुरिनवर दाट ढग होते, पाऊस होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास विमान सुपरगाच्या चर्चमागच्या भिंतीवर आदळलं. 31 जण होते, एकही वाचला नाही. 18 खेळाडू गेले. मृतदेहांची ओळख पटवायला पुढे आले ते व्हित्तोरिओ पोझ्झो, मेआझाला दोन वर्ल्ड कप जिंकवून देणारे तेच कोच.

लीगचे चार सामने बाकी होते. तोरिनोने ते आपल्या ज्युनियर पोरांना घेऊन खेळले. समोरच्या चारही क्लबनी आपलीही ज्युनियर टीमच उतरवली. 1950 च्या वर्ल्ड कपला इटलीची टीम ब्राझीलला गेली ती विमानाने नाही, जहाजाने. आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

मग मोठा कोण?

ज्याला जे मिळालं ते मोजायचं असेल तर उत्तर मेआझा, त्यात वाद नाही. पण समजा उद्या टीम निवडायची आहे आणि एकच माणूस घ्यायचा आहे, जो स्वतःसोबत उरलेल्या दहा जणांनाही मोठं करेल, तर माझं मत माझोलाला. मेआझा सामना जिंकून द्यायचा. माझोलाने टीम उभी केली. त्याला तोलायला वर्ल्ड कपचा तराजू वापरणं हाच मुळात अन्याय आहे.

या वादाला एक शेपूट आहे. माझोला गेला तेव्हा त्याचा मोठा मुलगा सांद्रो सहा वर्षांचा होता. पुढे हा पोरगा इंटरच्या ज्युनियर टीममध्ये दाखल झाला. तिथे पोरांना फुटबॉल शिकवायला कोण होतं? जुझेप्पे मेआझा.

बापाच्या नावाचं ओझं घेऊन आलेल्या त्या पोराला मेआझाने घडवलं. 1964 च्या युरोपियन कप फायनलमध्ये इंटरने रियाल माद्रिदला 3-1 ने हरवलं, त्यातले दोन गोल सांद्रो माझोलाचे होते. 1968 मध्ये इटलीने युरो कप जिंकला, त्या टीममध्येही तो होता.

मेआझा 21 ऑगस्ट 1979 ला गेला. पुढच्याच वर्षी सान सिरोला त्याचं नाव दिलं गेलं. माझोलाचा मुलगा आपले सगळे सोन्याचे दिवस त्याच मैदानावर खेळला होता.