स्वांटे आऱ्हेनियस

साखरेचा पाक करितांना आमच्या माता त्यांत लिंबू पिळतात. त्यायोगें पाक निवाल्यावर खडा धरीत नाहीं, हें त्यांस अनुभवानें ठाऊक असतें. लिंबांतील आम्लामुळें उसाच्या साखरेचा कांहीं भाग फुटून त्याची द्राक्षशर्करा व फलशर्करा होते, हें त्याचें कारण. हीच क्रिया थंड पाण्यांत अतिशय मंद चालते. आंचेवर मात्र झपाट्यानें होते. उष्णतेनें एवढा फरक कां पडावा, याचा ज्यानें उलगडा केला त्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्वांटे आऱ्हेनियस याचा जन्म उप्साला शहराजवळ १९ फेब्रुवारी १८५९ रोजीं झाला. बाप भूमापनाचें काम करी. मुलगा तिसऱ्या वर्षींच आपला आपण वाचावयास शिकला. उप्सालाच्या विद्यापीठांत मन रमेना, म्हणून १८८१ सालीं तो स्टॉकहोमला एडलुंड या पदार्थविज्ञानवेत्त्याकडे गेला. क्षार विरघळलेल्या पाण्यांतून विद्युत् कशी वाहते, हा त्याचा विषय. १८८४ सालीं त्यानें आपला प्रबंध उप्सालास सादर केला. परीक्षकांस तो पटला नाहीं. प्रबंधास चौथा वर्ग मिळाला, तोंडी समर्थनास कसाबसा तिसरा. अशा वर्गावर विद्यापीठांत अध्यापकाची जागा मिळणें दुरापास्त होतें. पंचविशींतल्या तरुणाची उमेद तेथेंच खचावयाची!

परंतु त्यानें प्रबंधाच्या प्रती परदेशच्या पंडितांकडे धाडिल्या. निरनिराळीं आम्लें क्रियांचा वेग किती वाढवितात, हें रीगा येथें ओस्टवाल्ड त्या वेळीं मोजीत होता. आपल्या वेगांचा क्रम व या अनोळखी तरुणानें विद्युद्वहनावरून काढिलेला क्रम जुळतो, हें पाहून तो स्वतः उप्सालास येऊन त्यास भेटला. मग त्याच वर्षीं उप्साला विद्यापीठानें त्यास अध्यापक नेमिलें! पुढें प्रवासवेतन मिळून तो रीगा, व्युर्ट्सबुर्ग, ग्रात्स व आम्स्टरडॅम येथें राहिला.

१८८९ सालच्या त्याच्या लेखाशीं आम्ही थोडें थांबतों; गणिताचा कंटाळा असणारांनींहि भिऊं नये. तापमान दहा अंशांनीं वाढलें कीं साखर फुटण्याचा वेग सुमारें चौपट होतो. रेणूंची सरासरी गति मात्र तेवढ्यानें शेंकडा दोननेंहि वाढत नाहीं. तेव्हां रेणू अधिक वेळां आदळतात, एवढ्यानें हिशेब जुळत नाहीं. आऱ्हेनियसनें असा तर्क केला कीं, सर्वच रेणू क्रियेस सिद्ध नसतात. पुरेशी ऊर्जा असलेले थोडेच असतात, आणि उष्णतेनें या थोड्यांची संख्या भराभर वाढते. कोंकणांतून देशावर यावयाचें तर घाट चढावाच लागतो, तसाच हा चढ समजावा. आम्लासारखा उत्प्रेरक घातला म्हणजे दुसरी, कमी उंचीची खिंड सांपडते. व्हान्ट हॉफनें १८८४ सालीं दिलेलें समीकरण या विचाराच्या मुळाशीं होतें, हेंहि सांगितलें पाहिजे.

१८९५ सालीं तो स्टॉकहोमला प्राध्यापक झाला. दुसऱ्याच वर्षीं, हवेंतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचें गणित त्यानें प्रसिद्ध केलें. १९०३ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें, तें विद्युद्वहनाच्या उपपत्तीबद्दल. म्हणजे चौथ्या वर्गाच्या त्या प्रबंधांत जिचें बीज होतें तिच्याबद्दल. १९०५ पासून तो नोबेल संस्थेच्या भौतिक रसायनशाळेचा संचालक होता. २ ऑक्टोबर १९२७ रोजीं स्टॉकहोम येथें तो वारला. त्याचें दफन उप्सालास झालें.