बोटांनी ऐकणारी हेलन

आमच्या गावातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत मी जाते. तिथली एक चिमुरडी, मी बोलायला लागले की माझ्या गळ्याला हात लावायची. मी तो बाजूला करायचे. मग हेलन केलर आठवली अन् माझी मलाच लाज वाटली.

हेलन १८८० साली अमेरिकेत अलाबामात जन्मली. एकोणीस महिन्यांची असताना आजारपणात तिची दृष्टी अन् ऐकणं दोन्ही गेलं. १८८७ मध्ये अ‍ॅन सलिव्हन बाई शिकवायला आल्या. पुढे समोरच्याच्या गळ्यावर, ओठांवर, नाकावर बोटं ठेवून ती शब्द ओळखू लागली. कुणाची पावलं वाजली, तर जमिनीची थरथर तिच्या तळपायांना कळायची. बारकावे मात्र बोटांनाच! बोटांच्या टोकांशी संवेदना टिपणाऱ्या नसा दाटीनं असतात, पाठीवर विरळ. १९०४ मध्ये ती पदवीधर झाली. १९२४ मध्ये रेडिओच्या स्पीकरवर बोटं टेकवून तिनं बीथोव्हनची नववी सिंफनी अनुभवली. १९५५ मध्ये भारतातही येऊन गेली. १९६८ मध्ये तिचं निधन झालं.

आता ती चिमुरडी जवळ आली की मीच तिचा हात गळ्याशी धरते. मैत्रिणींनो, अशा लेकराचा हात झटकू नका. तो ऐकत असतो.