देशी चालींचे गीतकार : रेव्ह. नारायण वामन टिळक



आमच्या कमठाण्याकडे, बिदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात, उपासनेत एक गोष्ट वारंवार नजरेस येते. गीतांचे पुस्तक हाती घेऊन बसलेली तरुण मुले पान उलटत राहतात, कारण त्यांची शाळा कानडी आणि पुस्तक मराठी. त्यांच्याच शेजारी बसलेली म्हातारी, जिला कोणतेच अक्षर येत नाही, ती मात्र डोळे मिटून पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत गात असते. झांज वाजली की तिला पुढचा शब्द आपोआप सुचतो. अशाच एका आजीबाईंना आम्ही एकदा विचारले की हे गीत कोणी रचले? त्या हसल्या. गाणे देवाचे, रचणारा कोण ते त्यांना ठाऊक नव्हते.

ते गीत टिळकांचे होते. त्या दिवशी आमच्या मनात आले की ज्यांची गाणी आपण दर रविवारी गातो, त्यांचे आयुष्य आपण आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. म्हणून हा लेखप्रपंच.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने फार कडक. आई जानकीबाई भाविक आणि गाण्याची आवड असलेली. मुलाला कवितेचे बाळकडू आईकडूनच मिळाले. पण ती माउली लवकरच गेली. आईविना घर नकोसे झालेला हा मुलगा नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले, काही काळ इंग्रजी शाळेतही काढला. शिक्षण पुरे झाले नाही, परंतु बुद्धी तल्लख, पाठांतर दांडगे आणि जिभेवर सरस्वती. लहान वयातच लोक त्याची कविता व भाषण ऐकावयास जमू लागले.

१८८० साली टिळकांचा विवाह झाला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही सासरी येऊन लक्ष्मी झाली. पुढे साऱ्या महाराष्ट्राने जिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखले ती हीच. संसार सुरू झाला, पण टिळकांचा पाय एका ठिकाणी ठरेना. आज या गावी शिक्षक, उद्या दुसरीकडे आणखी काही काम, परवा घरी न सांगताच प्रवासाला. हातात पैसा आला की वाटेत भेटलेल्या गरजवंताला देऊन मोकळे. थोर माणसाच्या चरित्रात अशा गोष्टी ऐकताना आपल्याला कौतुक वाटते. परंतु चूल पेटवावयाची जबाबदारी जिच्यावर, तिचे काय होत असेल हेही आपण ध्यानात ठेवावे.

पुढे टिळक नागपूरला गेले. तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम चालले होते. याच काळात त्यांचे मन धर्माच्या प्रश्नांनी व्याकूळ झाले. जातिभेद त्यांस सहन होत नव्हता. माणसामाणसांत भिंती घालणारा धर्म देशाला कसा तारणार, असा प्रश्न त्यांना पडला. आपणच एखादा नवा धर्म स्थापावा, असेही विचार त्यांच्या मनात घोळत.

१८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी या तरुण पंडिताशी आदराने बोलणे केले, काव्याच्या गोष्टी निघाल्या, मग धर्माच्या निघाल्या. उतरताना त्यांनी टिळकांना पवित्र शास्त्राची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. केवळ दिलेला शब्द पाळावा म्हणून ते वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी आले मात्र, आणि पुस्तक खाली ठेववेना. जे प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे जाळीत होते त्यांची उत्तरे तेथे त्यांना मिळत गेली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा देणारे होते रेव्ह. तुकाराम नथूजी, एक हिंदी पाळक. परदेशी मिशनरीच्या हातून नव्हे, आपल्या देशबांधवाच्या हातून बाप्तिस्मा घ्यावा, ही टिळकांची इच्छा होती. त्यांच्या पुढच्या सर्व कार्याची दिशा या एका गोष्टीतच दिसते. ख्रिस्त हवा, पण त्यासाठी आपला देश, आपली भाषा, आपला गळा सोडावयाचा नाही.

या निर्णयाची किंमत मोठी होती, आणि ती एकट्या टिळकांनी दिली नाही. लक्ष्मीबाई त्या वेळी लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांत होत्या. नवरा बाटला ही बातमी त्यांच्यावर कुऱ्हाडीसारखी कोसळली. सुमारे पाच वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. नंतर जवळ आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. एके दिवशी त्यांच्या स्वतःच्याच मनात विचार आला की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मनाशी पटले तसे त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. जी बाई सावलीचाही विटाळ मानीत होती, तिने पुढे अनाथ पोरे पोटाशी धरली.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आले. तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण त्यांचे खरे कार्य वेगळेच होते, आणि ते समजण्यासाठी त्या काळची उपासना डोळ्यांसमोर आणली पाहिजे.

मिशनरी बांधवांनी मोठ्या परिश्रमाने इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे केली होती. त्यांचा हेतू उत्तम होता. अडचण चालीची होती. इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी कविता ऱ्हस्वदीर्घावर आणि अक्षरांच्या मोजणीवर. चालीत बसवावयाचे म्हणून ऱ्हस्व शब्द लांबवावा लागे आणि दीर्घ शब्द तोडावा लागे. शब्द मराठी, पण कानाला परके. खेड्यातला माणूस ते गाणे पुस्तकात पाहून म्हणे आणि पुस्तक मिटले की विसरून जाई.

टिळकांनी ओळखले की महाराष्ट्राला गाणे शिकवावे लागत नाही. जात्यावर बसलेली बाई ओवी गाते, वारकरी अभंग गातो. ओवीचे तीन चरण लांब, शेवटचा आखूड. श्वास संपतो तेथेच ओळ संपते. भजनात एकजण पुढे म्हणतो, बाकीचे मागून धरतात आणि ध्रुपद पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे अक्षरशत्रूही दोन वेळा ऐकून गाणे घरी घेऊन जातो. ज्ञानोबांपासून तुकोबांपर्यंत संतांनी हीच वाट वापरली. आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे टिळक मोकळेपणाने मान्य करीत. मग त्याच मार्गाने ख्रिस्ताची गाणी लोकांपर्यंत का जाऊ नयेत?

अहमदनगरला याची सुरुवात त्यांच्या आधीच झाली होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. कीर्तनाच्या पूर्वरंगात एखाद्या वचनाचे निरूपण आणि उत्तररंगात उधळ्या पुत्रासारखी कथा, सोबत पदे. टिळकांनी या कीर्तनाला उत्तम काव्याची जोड दिली. त्यांनी शंभराहून अधिक गीते मंडळीला दिली. त्यांचे अभंग ‘अभंगांजली’त आहेत. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूचे चरित्र त्यांनी हाती घेतले. मार्टिन लूथरने जर्मन मंडळीच्या तोंडी तिच्याच भाषेची गीते दिली, तेव्हा सुधारणेची चळवळ घराघरांत गेली. आमच्या मराठी मंडळीसाठी ते काम टिळकांनी केले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

केवळ मंडळीच नव्हे, सारा महाराष्ट्र त्यांना आपला कवी मानीत होता. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी जीव ओतून लिहिले. ‘वनवासी फूल’ हे त्यांचे काव्य प्रसिद्ध आहे. घायाळ होऊनही पिलांसाठी घरट्याकडे परतणाऱ्या पक्षिणीची त्यांची कविता कितीतरी पिढ्यांनी शाळेत पाठ केली. बालकवी ठोंबरे तरुणपणी अहमदनगरला टिळकांच्याच घरी मुलासारखे राहिले. धर्म बदलल्यावर जे दरवाजे बंद झाले होते, त्यांतले पुष्कळसे कवितेने पुन्हा उघडले.

१९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे आले व ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. त्यातून त्यांनी देशप्रेम व ख्रिस्तप्रेम एकाच लेखणीने लिहिले. हिंदी मंडळीने परक्यांच्या आधारावर न राहता स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हे त्यांनी न भिता सांगितले. ते सर्वांना रुचले असे नाही.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्न, प्रकृती नाजूक, घरी माणसे. तरी ते संन्यासी वृत्तीने साताऱ्याला गेले आणि देवाच्या दरबाराची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून तेथे भावाभावांसारखे यावेत, अशी ती योजना. मंडळीतील अनेकांना ही गोष्ट शंकास्पद वाटली. ती शंका अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही, कारण बाप्तिस्म्याचे महत्त्व आपण कमी लेखू शकत नाही. परंतु उंबरठ्यापाशी थबकलेल्या माणसांविषयीची त्यांची तळमळ खरी होती, हेही मान्य केले पाहिजे.

दरबाराला मूळ धरण्याइतका अवधी मिळालाच नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांनी देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देशरिवाजानुसार त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांच्यावर त्यांच्या विचारांचा प्रभाव पडला. त्यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ सुरू केला व पुढच्याच वर्षी इंग्रजीत टिळकांचे चरित्र प्रसिद्ध केले.

‘ख्रिस्तायन’ मात्र अर्धवट राहिले होते. टिळकांच्या हातून दहाअकरा अध्यायच झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षर शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचून ते पूर्णत्वास नेले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी भाषेचे भूषण ठरली. त्या पुस्तकात त्यांनी पतीचे दोष झाकलेले नाहीत. त्यांचा राग, त्यांचा विसराळूपणा, त्यांची उधळपट्टी, सारे हसतहसत सांगितले आहे. तरी पुस्तक मिटताना आपल्या मनात टिळकांविषयीचे प्रेम वाढलेलेच असते.

वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? टिळकांनी योजना पुष्कळ केल्या. त्यांतल्या कित्येक त्यांच्याबरोबर मावळल्या. टिकली ती गाणी. ती का टिकली? ती लोकांच्या गळ्यात मावतील अशी होती म्हणून, आणि गाणारा ज्याच्याविषयी गात होता त्याच्यासाठी त्याने घर, जात, पगार सोडला होता म्हणून. दुसऱ्याही एका ऋणाची आठवण असावी. त्या गाण्यांमागे एका स्त्रीचे पाच वर्षांचे अश्रू आहेत. शब्बाथशाळेत टिळकांची गोष्ट सांगताना लक्ष्मीबाईंची गोष्ट सोडू नये.

आता आमच्या सीमाभागाचा प्रश्न. मुलांना मराठी वाचता येत नाही म्हणून ही गीते बंद करावीत काय? आम्हांस वाटते, भजनाला पुस्तकाची गरज कधीच नव्हती. शिक्षकाने एक ओळ म्हणावी, मुलांनी ती धरावी. महिन्याला एक गीत. वर्षाअखेरीस बारा गीते मुलाच्या गळ्यात बसतील आणि ती कोणी काढून घेऊ शकणार नाही. शिवाय टिळकांचा धडा खरा मानावयाचा तर कानडी मुलांनी कानडी चालीत नवे गीत रचले, तर त्याचेही आपण आनंदाने स्वागत केले पाहिजे. त्यांनीही हेच केले असते.

त्या आजीबाईंना आम्ही नंतर टिळकांची सारी हकिगत सांगितली. त्या बराच वेळ गप्प बसल्या. पुढच्या रविवारी त्या नेहमीच्या जागी नव्हत्या. मुलांच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या, आणि एकेक ओळ थांबूनथांबून म्हणत होत्या, म्हणजे मुलांना धरता यावी.

प्रभू आपल्या मंडळ्यांत अशी गाणारी माणसे राखो.