आंत्वान लाव्हाझिए : वजनाचा चोख हिशेब

आंत्वान लाव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे एका वकिलाच्या घरी झाला. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली; चित्त मात्र रमले ते विज्ञानात. १७६८ साली त्यांना विज्ञान अकादमीत प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी राजाच्या करवसुलीच्या इजाऱ्यात त्यांनी भागी घेतली. या उत्पन्नातूनच पुढे प्रयोगशाळेसाठी अतिसूक्ष्म तराजू घडविले गेले. जमाखर्च जुळलाच पाहिजे, हा इजारदाराचा आग्रह त्यांनी रसायनशास्त्रातही धरला.

पाणी दीर्घकाळ उकळल्यास त्याची माती होते, असा जुना समज होता. लाव्हाझिए यांनी बंद काचपात्रात पाणी तब्बल १०१ दिवस तापविले. पाण्यासह पात्राचे वजन बदलले नाही. गाळ मात्र साचला. रिकामे पात्र तोलता ते हलके भरले. गाळ काचेचा होता, पाण्याचा नव्हे!

१७७४ चा कथिलाचा प्रयोग याहून निर्णायक ठरला. धातूचे भस्म धातूहून जड का भरते, हे कोडे जुनेच होते. बॉइलसारख्या थोर संशोधकाने पात्र आधी उघडले व मग तोलले. त्यामुळे अग्नीचे कण काचेतून आत शिरतात, असा त्याचा ग्रह झाला. लाव्हाझिए यांनी क्रम उलटा केला. तापविलेले पात्र न उघडताच तोलले, तेव्हा वजनात फरक नव्हता. उघडताच हवा आत घुसली आणि वजन वाढले. ही वाढ व कथिलाच्या वजनातील वाढ जवळजवळ सारखी होती. धातूने घेतले ते पात्रातील हवेतूनच, हे उघड झाले. रशियात लमनोसफ यांनी १७५६ मध्ये असाच प्रयोग केला होता, पण त्याचा फारसा बोलबाला झाला नाही.

क्रियेपूर्वी जेवढे द्रव्य, तेवढेच क्रियेनंतर, हे तत्त्व त्यांनी १७८९ च्या आपल्या रसायनशास्त्रावरील ग्रंथात, आंबण्याच्या क्रियेचे विवेचन करताना स्पष्टपणे मांडले. ग्रंथातील उपकरणांच्या आकृती पत्नी मारी-आन यांनी रेखाटल्या होत्या.

क्रांतीच्या काळात हाच इजारा जिवावर बेतला. ८ मे १७९४ रोजी पन्नाशीतील लाव्हाझिए व त्यांचे सासरे यांचा एकाच दिवशी गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. जप्त झालेली उपकरणे व कागदपत्रे मारी-आन यांनी परत मिळविली आणि पतीचे अपुरे राहिलेले निबंध स्वतः प्रसिद्ध केले.